आबांचा नंबर कुणाकडे होता

पोलादपूरहून निघालेली एसटी जिथं वळसा घेऊन परत फिरते, तिथून पाऊण तास चढल्यावर तेजश्रीची वाडी लागते. तीस घरं, त्यातल्या अठरांना कुलूप, कारण माणसं मुंबईला. अशा वाडीत बसून ही मुलगी कंपायलर दुरुस्त करते, हे सांगितलं तर पुण्यातली माणसं विश्वास ठेवत नाहीत आणि वाडीतली तर मुळीच नाहीत. वाडीच्या मते ती टायपिंग करते. टायपिंगच करायचं होतं तर लोणेऱ्याच्या कॉलेजात चार वर्षं कशाला घातली, असंही काही जणी पाणवठ्यावर बोलून दाखवतात.

तिला त्याचं काही वाटत नाही. ती अबोल आहे, हट्टी आहे, आणि तिनं एखादी गोष्ट तपासून सांगितली की ती तशीच निघते असा तिचा लौकिक आहे. शाळेत गुरुजींचं गणित फळ्यावर चुकलं तर ती हात वर करायची नाही, मधल्या सुट्टीत जाऊन हळूच सांगायची. नोकरीतही तेच. पुण्याच्या कंपनीत तिच्यापेक्षा बोलकी माणसं भराभर वर चढली, आणि ही कंपायलरच्या एका कोपऱ्यात जी बसली ती दहा वर्षं तिथंच. त्या कोपऱ्याचं नाव एस्केप ॲनालिसिस.

नाव भारदस्त आहे, पण काम समजायला अवघड नाही. माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. उतरवताना त्याला सारखा एक निर्णय घ्यावा लागतो. प्रोग्राममधलं प्रत्येक छोटं काम, ज्याला फंक्शन म्हणतात, आपल्यापुरत्या काही वस्तू मांडतं. काम संपलं की त्यांची जागा लगेच मोकळी करून दुसऱ्याला देता आली तर यंत्र झपाझप चालतं. पण मधल्या वेळात त्या जागेचा पत्ता कुणा बाहेरच्याच्या हाती गेला असेल तर? तो नंतर पत्ता घेऊन येणार, आणि तिथं भलतंच कुणीतरी राहायला आलेलं असणार. म्हणून जागा मोकळी करण्याआधी विचारायचं, पत्ता बाहेर गेला आहे का? गेला नसल्याची पक्की खात्री असेल तरच मोकळी करायची. नसेल, तर गेलाय असं धरून ती वस्तू मोठ्या कोठारात राखून ठेवायची, यंत्र जरा हळू चाललं तरी बेहत्तर. साहेब लोकांना वेग हवा असायचा. तेजश्री बैठकीत शेवटी एकदाच तोंड उघडायची आणि म्हणायची, इथं पत्ता बाहेर गेलेला असू शकतो. मग सगळे चरफडत घरी जायचे.

आईला, म्हणजे रंगूबाईंना, तिनं हे कोयत्यावर समजावलं होतं. बांधावर काम करताना कोयता उंबराखाली ठेवला आणि ते फक्त तुलाच ठाऊक असेल, तर संध्याकाळी खुशाल उचलून घरी आण. पण भिकाजीकाकाला सांगून बसलीस की लागला तर तिथून घे, तर मग तो उचलता येत नाही. काका आपला भरवशानं येईल आणि पाचोळ्यात हात घालून बसेल. रंगूबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि एवढ्याचा पगार देतात का, असं विचारलं. देतात, असं तेजश्रीनं सांगितल्यावर त्या पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत होत्या.

त्या घरात असं हसणं फार वेळा होत नसे, आणि त्याचं कारण शुभम. तेजश्रीचा हा धाकटा भाऊ महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर लागला होता आणि बिरवाडीला तिघांत मिळून खोली घेऊन राहत होता. कारखान्यातल्या वासानं त्याला अन्न पोटात ठरेना. त्यानं काम सोडलं, पण घरी सांगायची हिंमत झाली नाही. चार महिने तो सुट्टीला म्हणून वाडीत यायचा आणि कारखान्यातल्या दिवसपाळी-रातपाळीच्या गोष्टी रचून सांगायचा. हे कुशाबांना, त्याच्या आबांना, पोलादपूरच्या स्टँडवर परक्या माणसाकडून कळलं. त्या दिवशी वाडीची पूजा होती. कुशाबांनी गावकीसमोर, बायकामाणसांसमोर त्या वीस वर्षांच्या पोराच्या थोबाडीत दिली आणि माझा मुलगा आजपासून मेला, असं बोलून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं शुभम गेला. त्याला नऊ वर्षं झाली.

कुशाबांनी घरात त्याचं नाव काढू दिलं नाही. रंगूबाई रडायच्या त्या चुलीपाशी, पाठ करून. तेजश्री तेव्हा पुण्यात होती. तिनं आपला नंबर कधी बदलला नाही, उद्या भावाला वाटलं तर लागावा म्हणून. त्यावर शुभमचा फोन कधी आला नाही. लॉकडाऊनमध्ये ती वाडीत आली आणि दोन म्हातारी माणसं बघून परत गेलीच नाही. माळ्यावरच्या खिडकीत नेटवर्क धरतं, तिथं तिनं टेबल टाकलं.

शुभम गेल्यावर दोन वर्षांनी जुन्या फोनची कंपनी बंद पडली आणि कुशाबांनी नवा नंबर घेतला. पुढं पुढं तो फोन ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवायला लागले. शेतावर नेत, झोपताना उशाशी घेत. दुसऱ्या कुणी उचललेला त्यांना खपत नसे. म्हातारपणी माणूस संशयी होतो, एवढाच अर्थ घरानं त्यातून काढला.

गेल्या भाद्रपदात कुशाबांना झटका आला. महाडच्या दवाखान्यात ते आठ दिवस होते आणि शेवटपर्यंत शुद्धीवर होते. सहाव्या दिवशी तेजश्रीनं धीर करून विचारलं. रंगूबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या.

"आबा, शुभमकडं तुमचा नंबर हाय का?"

कुशाबांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग छताकडे.

"नाय. त्याच्याकडं माझं काय बी नाय."

दोन दिवसांनी ते गेले. शुभमला कळवायला घरात कुणाकडे पत्ता नव्हता, तेव्हा अग्नी पुतण्यानं दिला.

कार्य आटोपलं आणि तो फोन घरात उरला. तेजश्रीनं तो चालू ठेवला होता. आता तो दिवसातून दहा वेळा वाजायला लागला. कधी कर्ज घ्या म्हणणारी बाई, कधी टेपवरचा आवाज, कधी नुसतीच खरखर. आणि दर वेळी रंगूबाई असतील तिथून धावत यायच्या, हाताला पीठ असो की शेण असो. फोन कानाला लावायच्या, "कोण रे? कोण बोलतो?" म्हणायच्या, आणि मग तो खाली ठेवून भिंतीला टेकून बसायच्या. एकदा गोठ्याच्या पायरीवरून पडल्या. हातात फोन तसाच, आणि त्यातली बाई बोलतेच आहे. माळ्यावरून धावत आलेल्या तेजश्रीनं ते पाहिलं. तो नंबर बंद करायचा, हे तिनं तिथंच ठरवलं.

पण ती तेजश्री होती. न तपासता ती काही मोडत नाही. पंधरा दिवस तिनं तेच काम केलं. फोनमधली सगळी नावं काढली, आलेले-गेलेले फोन पाहिले, बँक, सोसायटी, गॅस, मुंबईचे भावकीतले, सगळ्यांना गाठून आपला नंबर दिला. वाडीत घरोघर जाऊन विचारलं, आबांचा नंबर तुमच्याकडून पुढं कुणाला गेलाय का. जुना बंद होणार हे मात्र ती बोलली नाही. एवढंच सांगायची, की यापुढं माझ्यावर फोन करा. भिकाजीकाका टेम्पो धूत होते. ते तिच्याकडे न बघताच नाही म्हणाले. शेवटी एकच शंका उरली, शुभमची. नंबर तो गेल्यानंतरचा होता. त्याला बोलायचंच असतं तर बहिणीचा जुना नंबर होता. आणि आबांनी तर स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.

मग ती आईजवळ बसली आणि म्हणाली, त्या नंबरावर त्याचा फोन येणं शक्य नाही, मी सगळं तपासलंय. रंगूबाईंनी फोन तिच्यापुढे सरकवला. म्हणाल्या, तू शिकलेली हायस, तुला कळतं. कार्तिकात तेजश्रीनं महाडला जाऊन तो नंबर बंद केला.

घर शांत झालं. रंगूबाईंची धावपळ थांबली, त्या दुपारच्या जरा झोपायलाही लागल्या. शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा त्यांनी लेकाच्या नावानं नारळ दिला, आता उघड, कारण अडवणारं कुणी नव्हतं. आपण बरोबर केलं असं तेजश्रीला वाटलं. हे लिहितानाही वाईट वाटतं, पण तिला तसं वाटलं खरं.

वैशाखात कंपनीत एक तक्रार आली. कुठल्याशा तिकीट यंत्रावर माणूस मागायचा एका गावाचं तिकीट आणि छापून यायचं भलत्याच कुणा प्रवाशाचं गाव. शंभरात एखाद्या वेळी. यंत्र बनवणारे म्हणाले, आमचा प्रोग्राम ठीक आहे, कंपायलर बिघडलाय. कंपायलरमधला तो कोपरा तेजश्रीचा, म्हणून काम तिच्याकडे आलं.

नऊ दिवस लागले. नियम असा, की आपल्या वस्तूचा पत्ता एखाद्या परक्या फंक्शनच्या हाती दिला आणि त्याच्या पोटात काय चालतं ते आपल्याला दिसत नसेल, तर त्यानं पत्ता ठेवून घेतला असंच धरायचं. यात एक सवलत आहे. ते फंक्शन लिहिणाऱ्यानं वर खूण करून ठेवली, की मी पत्ता फक्त बघतो, ठेवून घेत नाही, तर कंपायलर त्याच्या शब्दावर विसंबतो. इथं एका फंक्शनवर अशी खूण होती. लिहिणाऱ्यानं ती केली तेव्हा खरीही होती. पुढं त्यालाच काम लवकर व्हावंसं वाटलं, आणि त्यानं आत एका कोपऱ्यात शेवटचा पत्ता लक्षात ठेवायची सोय केली. खूण पुसायची राहिली. कंपायलरनं खुणेवर भरवसा ठेवून जागा मोकळी केली, तिथं दुसऱ्या गावाचं नाव येऊन बसलं, आणि जुना पत्ता धरून बसलेल्या त्या फंक्शननं ते नाव उचलून छापलं.

तेजश्रीनं दुरुस्ती केली आणि सकाळी अहवाल लिहायला घेतला. तिनं लिहिलं, की तपासणी पूर्ण होती, पण एका ठिकाणी आत न बघता लिहिणाऱ्याचा शब्द खरा धरला. ते वाक्य तिनं लिहिलं आणि पुढचं वाक्य काही केल्या लिहवेना. दवाखान्यातला पलंग तिच्या डोळ्यांपुढे आला. आबांनी उत्तर देण्याआधी आईकडे पाहिलं होतं, ते तिला आत्ता दिसलं. नऊ वर्षं ज्या बाईला त्यांनी मुलाचं नाव घेऊ दिलं नाही, तिच्यासमोर ते दुसरं काय सांगणार होते?

तिनं आबांचा नंबर लावला. पलीकडे एक बाई बोलल्या. नाव काशीबाई, गाव जिंतूरकडचं. नंबर माघात मुलानं आणून दिलाय म्हणाल्या. तेजश्रीनं आपण कोण ते सांगितलं आणि या नंबरावर आबांना विचारत कुणाचा फोन आला होता का, असं विचारलं.

आला होता म्हणाल्या, होळी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यांच्या मालकांनी उचलला. मालक साठीच्या पुढचे, बोलणं तुटक. पलीकडचा मुलगा म्हणाला, आबा, मी शुभम. मग किती वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, येऊ का?

"मालकांना वाटलं कुणी पिऊन बोलतंय, ताई. ते म्हणले, काही गरज नाही यायची, फोन ठेव. त्यानं लगेच ठेवला बघा. पुन्हा केला नाही."

तेजश्रीनं त्याचा नंबर मागितला. तो साध्या बटणांचा फोन होता, त्यात मागचे दहा-वीस फोन राहतात आणि बाकीचे जातात. दोन महिने होऊन गेले होते. काशीबाई फार हळहळल्या. पुन्हा आला तर मी सांगते त्याला, ये म्हणून, असं त्या दोनदा म्हणाल्या. परक्या बाईनं एवढं म्हणावं, त्यानंच तेजश्रीला रडू कोसळलं.

त्याच दुपारी ती भिकाजीकाकांकडे गेली. त्यांनी फार ताणलं नाही. आबांनी आपल्याला शपथ घातली होती, ती ते गेल्यावरही मोडवली नाही, असं म्हणत भिकाजी टेम्पोच्या पायरीवर बसले आणि सांगू लागले. तीन वर्षांपूर्वी मुंबईहून आलेल्या कुणीतरी शुभमला पनवेलच्या एका गॅरेजात पाहिलं होतं. कुशाबा महाडला दवाखान्यात जातो असं घरी सांगून भिकाजींच्या टेम्पोतून पनवेलला गेले. गॅरेजच्या दारात बापलेक समोरासमोर उभे राहिले. कुशाबांनी नंबर लिहिलेला कागद त्याच्या हातात दिला.

"म्हनाले, तुला यावंसं वाटेल तवा या नंबरावर फोन कर. दुसऱ्या कुनाला नको करू. मी हाकललं, मीच बोलावीन. कागद खिशात ठेवला पोरानं. तवापासून म्हातारा त्या फोनला जिवापाड जपायचा. मला वाटलं, फोन घरात हाय, कधी तरी वाजंल. तू बंद करशील असं वाटलं नाय गो."

दुसऱ्या दिवशी ती पनवेलला गेली. गॅरेज सापडलं, मालक भला माणूस निघाला. पोरगा कामाला चांगला होता म्हणाला. होळीच्या आदल्या दिवशी त्यानं सुट्टी मागितली होती, घरी पालखी असते म्हणून. नवा शर्ट आणला होता. होळी झाली तरी गेला नाही. चार दिवस कुणाशी धड बोलला नाही, मग हिशोब मागितला आणि निघून गेला. कुठं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. बरोबरच्या पोरांकडे त्याचा नंबर होता, तो लावला तर बंद.

एसटीत येताना तेजश्री स्वतःशी पुन्हा पुन्हा तेच घोळवत होती. दहा वर्षं परक्यांच्या प्रोग्राममध्ये जी शंका तिनं कधी सोडली नाही, ती घरात सोडली. साहेबांनी वेग मागितला तेव्हा नाही म्हणायला तिला काही लागलं नाही, पण आईला धावताना बघवलं नाही. आणि ज्याला ती चूक म्हणत होती ते करताना तिच्या मनात मायेशिवाय काही नव्हतं, याचा तिला कसलाही आधार वाटेना.

घरी आली तेव्हा रंगूबाई पडवीत बसून नाचणी पाखडत होत्या. आईला सगळं सांगायचं, पहिल्यापासून, आपली चूकसुद्धा, असं तिनं वाटेत ठरवलं होतं. ती समोर बसली आणि म्हणाली, शिमग्याला शुभमचा फोन आला होता, आबांच्या नंबरावर.

सूप थांबलं. रंगूबाईंनी लेकीकडे बघितलं आणि त्यांचा सबंध चेहरा उजळत गेला. नऊ वर्षांत तेजश्रीनं आईचा तो चेहरा पाहिला नव्हता.

"म्हंजे हाय. जिता हाय माझा पोर." त्यांनी हातानंच डोळे पुसले, कोंडा लागलेल्या बोटांनी. "काय बोलला गो?"

"येऊ का, म्हनाला."

"देवा." रंगूबाई हसत होत्या आणि रडत होत्या. मग एकदम थांबून, जरा काळजीनं, त्यांनी विचारलं, "मंग आपुन काय सांगितलं त्याला?"

अंगणात कुणी नव्हतं. तेजश्रीला काहीही सांगता आलं असतं, आणि रंगूबाईंनी ते खरं मानलं असतं. तिनं आईचा हात धरला.

"नको येऊस म्हटलं, आई."